वाहन-विचारणा : जड ट्रेलरसाठी कुठला पिकअप घ्यावा?

गेल्या काही महिन्यांत पिकअप ट्रकबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले बहुतेक अमेरिका-कॅनडातल्या वाचकांचे आहेत आणि एक बारामतीहून आला आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं. ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर पसंत केला आहे, त्याचं कमाल भरलेलं वजन ८,८०० पौंड. आमच्याकडे फोर्ड एफ-१५० पिकअप आहे आणि डीलर म्हणतो, "अकरा हजार पौंड ओढतो, काळजी करू नका." मग त्याहून जड वर्गातला २५०० (शेवी-जीएमसी, रॅम) किंवा फोर्ड एफ-२५० घ्यायची गरज आहे का? (वाचक, डॅलस)

डीलरचा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या कामाचाही नाही. टो रेटिंग (ओढण्याची मर्यादा) ठरवण्यासाठी एसएई जे२८०७ ही चाचणी असते. तिच्यात ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढेच धरलेले असतात. मुलं, सायकली, कूलर आणि लाकडं त्या हिशोबात येत नाहीत. शिवाय जाहिरातीतला सर्वात मोठा आकडा बहुधा त्या मॉडेलच्या हलक्या, कमी सजावटीच्या ट्रकचा असतो.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळी पट्टी असलेला टायर-लोडिंगचा स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो तुमच्या ट्रकचा खरा पेलोड, म्हणजे पाठीवर वाहायची मर्यादा. सनरूफ आणि चामडी सीटं असलेल्या क्रू कॅब एफ-१५० वर तो १,४५० ते १,७०० पौंडांच्या आसपास निघतो.

आता बेरीज करू. ट्रेलरचा दांडा हिचच्या (ट्रकमागच्या जोडणीच्या) बॉलवर जे वजन टाकतो ते टंग वेट. ट्रॅव्हल ट्रेलरला ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के लागतं. १३ टक्के धरलं तर ८,८०० चे १,१४४ पौंड. चौघांचे ५६०, हिचचे ९० आणि मागच्या हौद्यातल्या सामानाचे २०० मिळवा. एकूण झाले १,९९४. इंजिन ट्रेलर ओढून नेईल, पण मागचा अ‍ॅक्सल, स्प्रिंग आणि टायर त्यांच्या मर्यादेबाहेर चाललेले असतील. याचा परिणाम रोज दिसत नाही. तो दिसतो तो पावसात अचानक ब्रेक मारावा लागला की.

ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं कोरडं वजन हिशोबात धरू नका. त्यात बहुधा बॅटरी आणि गॅस धरलेला नसतो, आणि त्या दोन्ही गोष्टी दांड्यावरच बसतात. पाण्याची टाकी ५० गॅलनची असेल तर भरल्यावर ४१५ पौंड वाढतात. म्हणून नेहमी कमाल भरलेलं वजन घ्यावं.

तुम्हाला पेट्रोल इंजिनाचा २५०० किंवा एफ-२५० योग्य होईल. त्याचा पेलोड साधारण ३,००० पौंडांच्या पुढे असतो. डिझेल घेण्यापूर्वी मात्र तोच स्टिकर वाचा. डिझेल इंजिन कित्येक शे पौंडांनी जड असतं, पण २५०० वर्गातल्या बहुतेक ट्रकच्या एकूण वजनाची मर्यादा कागदोपत्री १०,००० पौंडच राहते. त्यामुळे महागड्या सजावटीच्या डिझेल एफ-२५० चा पेलोड २,००० ते २,३०० पौंडांवर येतो. दहा-बारा हजार डॉलर जास्त मोजून वाहण्याची ताकद कमी होते, हे पुष्कळांना ट्रक घरी आणल्यावर कळतं.

प्रश्न : १४,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील कॅम्पर (ज्याची जोडणी ट्रकच्या हौद्यात बसते) घेत आहोत आणि रॉकीजमध्ये फिरायचं आहे. फोर्ड, शेवी-जीएमसी की रॅम? २५०० पुरेल की त्यावरच्या वर्गातला ३५०० हवा? (वाचक, डेन्व्हर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. फिफ्थ-व्हीलचं १५ ते २५ टक्के वजन ट्रकच्या हौद्यात येतं. २१ टक्के धरले तर २,९४० पौंड. हौद्यातल्या हिचचे १५० आणि माणसांचे ४०० धरले की ३,५०० च्या जवळ पोचतो. डिझेल २५०० इथेच बाद. एका बाजूला एकच चाक असलेला ३५०० बसतो, पण फार वाव उरत नाही. पुढे १६ हजारांचा कॅम्पर घ्यायचं मनात असेल तर आत्ताच मागे चार चाकांचा डुअली घ्या. दहा हजार पौंडांवरच्या ट्रकला पेलोडचा पिवळा स्टिकर कायद्याने सक्तीचा नाही. तिथे दाराच्या खांबावरची एकूण मर्यादा घ्यायची, टाकी भरून ट्रक काट्यावर नेऊन वजन करायचं आणि वजाबाकी करायची.

आता कंपन्या. फोर्डच्या ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक व्ही-८ मध्ये ४७५ हॉर्सपॉवर आणि १,०५० पौंड-फूट टॉर्क आहे. २०२३ पासून मिळणाऱ्या हाय आउटपुट रूपात ५०० आणि १,२००. जीएमच्या ६.६ लिटर ड्युरामॅक्सला २०२४ पासून ४७० आणि ९७५. रॅममधल्या ६.७ लिटर कमिन्सला, म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडरच्या इंजिनाला, २०२५ पासून ४३० आणि १,०७५. फोर्ड आणि जीएम दोघांकडे दहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे, रॅमकडे २०२५ पासून आठ गिअरचा. १४,००० पौंडांसाठी यातलं कुठलंही इंजिन कमी पडत नाही, म्हणून टॉर्कच्या शर्यतीवर निर्णय घेऊ नका.

फरक चाकांखाली आहे. जीएमच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे रिकामा ट्रक खड्ड्यांतून मऊ चालतो आणि स्टिअरिंग नेमकं वाटतं. रॅम आणि फोर-बाय-फोर फोर्डला पुढे सलग अ‍ॅक्सल असतो. तो धक्के जास्त देतो, पण त्याची रचना साधी आणि खडतर कामाला टिकाऊ आहे. रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग असतात. रिकामं असताना त्या आरामशीर असतात, मात्र जड वजनाखाली जास्त बसतात. ३५०० ला पाट्यांच्या स्प्रिंग येतात, आणि फिफ्थ-व्हीलला आम्ही त्याच सुचवतो.

हौद्याची लांबी विसरू नका. फोर्ड आणि जीएमचा आखूड हौदा पावणेसात फुटांच्या जवळ आहे, रॅमचा सहा फूट चार इंच. कॅम्परची रुंदी बहुधा ८ ते साडेआठ फूट असते, म्हणजे किंगपिनपासून (हौद्यातल्या हिचमध्ये बसणाऱ्या कॅम्परच्या खुंटीपासून) कडेचा कोपरा चार फुटांहून लांब. आखूड हौद्याच्या ट्रकने कॅम्पसाइटवर काटकोनात रिव्हर्स घेतला की तो कोपरा केबिनच्या मागच्या काचेत घुसतो. यावर सरकणारी हिच मिळते, पण ती वजनदार असते. शक्य असेल तर आठ फुटी हौदाच घ्या.

तुमच्याकडे डिझेलच का, तर उंची. आय-७० महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. फोर्डच्या ७.३ लिटर व्ही-८ चे ४३० हॉर्सपॉवर तिथे तीनशेच्या आत येतात. टर्बो डिझेल विरळ हवेतही हवा दाबून घेतं, त्यामुळे त्याची घट पुष्कळ कमी.

चढापेक्षा उतार घातक असतो. टो-हॉल मोड (ओढताना खालचा गिअर धरून ठेवणारा) आणि एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाने वेग रोखणारा) माथ्यावर पोचण्याआधीच चालू करा आणि ताशी ४०-४५ मैलांवर उतरायला लागा. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड आणि रोटर तापतात, पकड कमी होते. ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर त्यात मुरलेलं पाणी उकळतं आणि पेडल तळाला जातं. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबा, पाच मैलांनी कमी करा, पूर्ण सोडा. पुन्हा वाढला की पुन्हा तसंच.

या सगळ्यात तिघे तुल्यबळ वाटले तर घराजवळच्या कुठल्या डीलरकडे डिझेलचा जाणकार मेकॅनिक आहे ते बघा. आम्ही त्यावरच निवड करू.

प्रश्न : आमच्या ढोल-ताशा पथकाचं सामान गणेशोत्सवात तीन-चार गावी न्यावं लागतं. ७ बाय १६ फुटी बंद ट्रेलर आहे, मर्यादा ७,००० पौंड. शेवी सिल्व्हराडो १५०० मागे तो ताशी ६० मैलांच्या वर हलायला लागतो. मोठा ट्रक घेतला तर हे थांबेल का? (वाचक, शिकागो)

ट्रक बदलू नका, भरण्याची पद्धत बदला. एक ढोल दहा किलोंचा धरला तरी ४० ढोल म्हणजे नऊशे पौंडांच्या आत. तुमचा ट्रेलर वजनाने भरतच नाही, जागेने भरतो. ढोल आधी आत जातात, मग ताशे आणि ध्वज. शेवटी जनरेटर आणि स्पीकर दाराशी ठेवले जात असणार, कारण पोचल्यावर तेच आधी लागतात. मागे जड आणि पुढे हलका झालेला ट्रेलर डोलणारच. ६० टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात हवं. जनरेटर अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे, मधोमध, जमिनीतल्या कड्यांना रॅचेट पट्ट्यांनी आवळून ठेवा. टायरची हवा थंड असताना बाजूवर छापलेल्या आकड्याइतकी भरा. मऊ टायरनेही डोलणं वाढतं.

रस्त्यात ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगने त्याचा पाठलाग करू नका. अ‍ॅक्सलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ताणला गेला की सरळ होतो.

वेगवेगळे स्वयंसेवक वेगवेगळे ट्रक आणतात, म्हणून आणखी एक गोष्ट तपासाच. २ ५/१६ इंची कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर बसणारं टोक) २ इंची बॉलवर बसतो, कुलूपही लागतं आणि पहिल्या उंचवट्यावर तो उडून निघतो. जोडल्यावर पिन घालून दांड्याचा जॅक थोडा वर घ्या. ट्रकचा मागचा भाग त्याबरोबर उचलला गेला तर जोडणी पक्की.

प्रश्न : कॅलिफोर्नियात साध्या लायसन्सवर केवढा ट्रेलर ओढता येतो? (वाचक, फ्रीमाँट)

क्लास सी वर १०,००० पौंड मर्यादेपर्यंतचा. घरगुती वापराचा फिफ्थ-व्हील १०,००० ते १५,००० मध्ये असेल तर लेखी परीक्षा देऊन वेगळी नोंद मिळते. त्याच्या वर, आणि १०,००० वरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. मोजलं जातं ते प्लेटवरचं कमाल वजन. ट्रेलर रिकामा आहे हे कारण चालत नाही. कुठलाही ट्रेलर जोडलेला असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल. पिकअपची नोंदणी तिथे कमर्शियल म्हणून होते, तेव्हा वजनावरची वार्षिक फी बजेटमध्ये धरा.

प्रश्न : ट्रॅव्हल ट्रेलर जोडला की ट्रकचं नाक वर जातं, स्टिअरिंग हलकं पडतं. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी) घेतली, तरी फरक पडला नाही. (वाचक, न्यू जर्सी)

हिच बसवली आहे, पण जुळवलेली नाही. सपाट जागा शोधा. ट्रक आणि ट्रेलर प्रवासाला निघताना असतील तसेच भरा. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या मध्यातून जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत उंची मोजा. समजा ३८ इंच आली. ट्रेलर जोडा, हिचच्या दांड्या (वजन पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या कांबी) न लावता पुन्हा मोजा. समजा ३९. म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवरचं वजन मागे गेलं. दांड्या लावल्यावर हा वाढलेला एक इंच परत खाली आणायचा आहे. किती आणायचा ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. काही कंपन्या निम्मा आणायला सांगतात, काही जवळजवळ पूर्ण. अंदाजाने करू नका.

दांड्या लावण्याआधी कपलर बॉलवर कुलूपबंद करून जॅकने ट्रकची शेपूट आणि ट्रेलरचा दांडा एकत्र चार-पाच इंच वर उचला. मग दांड्या हाताने सहज बसतात. जॅक न वापरता लोखंडी पाइपने जोर लावला तर दांडी उसळून हात मोडू शकतो. ताण कमी पडला तर साखळीची एक कडी घट्ट करा. त्याने भागलं नाही तर हिचच्या डोक्यात एक वॉशर वाढवून त्याचा मागचा कल वाढवा. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण दुकानदार डोकं मधल्या खाचेत बसवून देतो. ट्रेलर स्वतः जमिनीला समांतर किंवा किंचित पुढे झुकलेला हवा. तो नाक वर करून उभा असेल तर बॉल एक भोक खाली घ्या. बोल्ट हिचच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा आणि पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा तपासा.

अति ताणही वाईट. मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल, म्हणजे वजनकाटा असतो. तिथे दांड्या लावून, दांड्या काढून आणि ट्रक एकटा, अशी तीन वजनं घ्या. दांड्या काढलेल्या वेळच्या ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेतून एकट्या ट्रकचं वजन वजा केलं की खरं टंग वेट मिळतं.

प्रश्न : ट्रेलर वर्षातून चार वेळा ओढणार, बाकी दिवस ऑफिसला पाच किलोमीटर. डिझेल घ्यावं का? थंडीत त्रास होतो का? (वाचक, टोरांटो)

घेऊ नका. धूर गाळणारा फिल्टर काजळीने भरला की इंजिन ती जाळून टाकतं आणि त्यासाठी धूर बराच वेळ तापलेला राहावा लागतो. पाच किलोमीटरमध्ये इंजिनच नीट तापत नाही. जाळण्याचं काम अर्धवट राहतं, जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, फिल्टर चोंदतो आणि शेवटी ट्रक स्वतःच ताकद कमी करतो. देखभालही महाग: ड्युरामॅक्सला १० क्वार्ट ऑइल, कमिन्सला १२, पॉवर स्ट्रोकला १३, वर डिझेल फिल्टर वेगळे. तुम्हाला जीएमचं ६.६ लिटर किंवा फोर्डचं ७.३ लिटर पेट्रोल इंजिन पुरेल.

थंडीचं म्हणाल तर डीईएफ (धूर शुद्ध करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) उणे ११ अंशांना गोठतं. त्याच्या टाकीत हीटर असतो, त्यामुळे ट्रक त्याने अडत नाही. ज्यांच्याकडे डिझेल आहे त्यांनी ब्लॉक हीटर रात्री प्लगला लावावा आणि हिवाळी डिझेलच भरावं. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, ट्रक उचलून गॅरेजमध्ये न्या. एकदा इंजिन चालू केलं की पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलावं लागू शकतं.

प्रश्न : जुना डिझेल घ्यायचा झाला तर काय बघावं? (वाचक, अटलांटा)

फोर्डचं २००३ ते २००७ चं ६.० लिटर टाळा. त्याचा ईजीआर कूलर (परत फिरवलेला धूर थंड करणारा) आणि हेड गॅस्केट बिघडण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. जीएमच्या २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये सीपी४ हा इंधनाचा पंप होता. तो आतून झिजला की धातूचा चुरा सगळ्या इंधनयंत्रणेत पसरतो. २०१७ पासून पंप बदलला, म्हणून तिथून पुढचा घ्या. रॅमच्या २०१९-२० च्या ट्रकांतही सीपी४ होता आणि त्यासाठी कंपनीने ते परत बोलावले होते; काम झालं आहे का ते व्हीआयएन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) तपासा. ६.७ कमिन्सच्या इनटेकमधल्या हीटरचा बोल्ट जळून सैल होतो आणि सिलिंडरमध्ये पडतो, तो उघडून बघायला सांगा. ट्रकखाली झोपून एक्झॉस्टचे फिल्टर कापून काढलेले नाहीत ना तेही बघा. तसा ट्रक अमेरिकेत बेकायदा आहे.

प्रश्न : मुलगा ह्यूस्टनला आहे. तिकडे पिकअपमागे ट्रेलर लावून ट्रॅक्टर नेतात. आमच्या पिकअपला हुक लावून ट्रॅक्टरची ट्रॉली ओढता येईल का? रोटाव्हेटर शेतावर न्यायचा आहे. (वाचक, बारामती)

ट्रॉली जोडू नका. आपल्याकडचे पिकअप पाठीवर वाहण्यासाठी बनलेले आहेत, आणि त्यात ते कमी नाहीत. बोलेरो मॅक्स पिकअपचं मोठं मॉडेल किंवा टाटा योद्धा २.० हौद्यात दोन टन घेतो. वर सांगितलेला महागडा डिझेल एफ-२५० जेमतेम एक टन घेतो. ओढण्याचं गणित वेगळं आहे. तिकडच्या डिझेलचा टॉर्क १,३०० न्यूटन-मीटरच्या पुढे, योद्धाचा २५०. क्लच पहिल्याच चढावर जळेल. त्याहून मोठा धोका म्हणजे ट्रॉलीला ब्रेक नसतात. ट्रॅक्टरच्या वेगाला ते निभावतं. पिकअपच्या ५०-६० च्या वेगात ब्रेक दाबला की ट्रॉली मागून ढकलते आणि गाडी आडवी होते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यताही आहे.

सहा फुटी रोटाव्हेटर साधारण चारशे-साडेचारशे किलोंचा असतो, तो हौद्यात सहज मावतो. खाली लाकडी फळ्या टाका, म्हणजे पाती पत्र्यात घुसत नाहीत. तो हौद्याच्या लांबीत मधोमध ठेवा; शेपटाकडे ठेवला तर पुढची चाकं हलकी होतात. सुताच्या दोरापेक्षा रॅचेटच्या चार पट्ट्या घ्या. दोन पुढे आणि दोन मागे, रोटाव्हेटरच्या फ्रेमवरून फुलीसारख्या ओढा. गिअरबॉक्सला किंवा शाफ्टला पट्टी बांधू नका. पीटीओ शाफ्ट काढून केबिनच्या मागे वेगळा ठेवा, आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून पट्ट्या पुन्हा एकदा आवळा.